रविवारचा वर्ग आणि बाबांवरचा आळ

बाई,

आमच्या दारात उभं राहून तुम्ही माझ्या वडिलांना जे बोललात, ते खरं म्हणजे मला बोलायला हवं होतं. तुम्हाला जाऊन तीस वर्षांहून जास्त झाली, बाबाही गेले, आणि मी नोकरीतून निवृत्त होऊन घरी बसले आहे. फार उशीर झालाय हे कळतं मला. पण परवा शेजारच्या मुलीनं विचारलं, मावशी, तुम्ही पाणी तपासायच्या नोकरीत कशा काय गेलात? तिला सांगता सांगता मी तुमच्या रविवारच्या वर्गापर्यंत आले आणि तिथेच अडकले. पुढचं तिला सांगायचं तर ते आधी तुम्हाला सांगायला हवं, असं वाटलं.

मुलींच्या शाळेची ती प्रयोगशाळा. रविवारी शिपाई नसायचा, म्हणून कुलूप तुम्हीच काढायचात, खिडक्या तुम्हीच उघडायचात. वेगवेगळ्या शाळांतून निवडलेली आम्ही अकरा मुलं-मुली. मार्क बघून निवडलेलं नव्हतं. वर्गात सारखे प्रश्न कोण विचारतं, असं तुम्ही प्रत्येक शाळेतल्या मास्तरांना विचारलं होतंत, हे मला फार नंतर कळलं. आमच्या देवळाली कॅम्पच्या शाळेतल्या सरांनी माझं नाव दिलं ते बहुतेक रविवारी तरी त्यांच्या डोक्याचा ताप दुसरीकडे जावा म्हणून. घरी आठवडाभर तोफांच्या सरावानं मांडणीवरची भांडी वाजायची. रविवारी सगळं गप्प असायचं, आणि त्या गप्प सकाळी मी वेणी घालून, डबा घेऊन नाशिकच्या बसची वाट बघत उभी राहायची. बाबा लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. रविवारी मेसमध्ये काम जास्त, तरी मला बसमध्ये बसवून द्यायला ते सायकलवर यायचेच. कंडक्टरला सांगायचे, "सायन्सच्या वर्गाला चाललीय. नीट उतरवा." दर रविवारी तेच. कंडक्टर शेवटी मला पाहिलं की म्हणायचा, "या, सायन्स."

मायक्रोस्कोप एकच होता, पितळी, खालचा आरसा खिडकीकडे वळवून उजेड घ्यायचा. तुमचा नियम असा की प्रत्येकानं आधी नुसतं बघायचं, मग चित्र काढायचं, आणि त्यानंतरच तोंड उघडायचं. कुणीतरी कुंडातलं पाणी आणलेलं, कुणी विहिरीतलं. मी आणलं होतं आमच्या वस्तीमागच्या डबक्यातलं. त्या थेंबात एक पांढुरका किडा झटके देत पोहत होता, शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या, जणू बाजाराला निघालेली बाई. मी चित्र काढलं. तुम्ही ते हातात घेतलंत, चष्मा वर केलात.

"दोन डोळे कुठे दिसले तुला?"

"एकच दिसला बाई. पण दुसरा पलीकडे असेल ना."

"असेल?"

"सगळ्यांनाच दोन असतात."

"मग चित्र कशाला काढलंस? नुसतं लिहून द्यायचंस, सगळ्यांना दोन असतात म्हणून." सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. "असेल ते कागदावर यायचं नाही. आहे तेवढंच यायचं. जा, परत बघ."

मी परत गेले. त्याला खरोखरच एक डोळा होता, डोक्याच्या मध्यावर, लाल ठिपक्यासारखा. मला तेव्हा राग आला होता तुमचा. मला वाटतं माझी नोकरी त्या दिवशीच ठरली, फक्त मला ते पुढे आठ-नऊ वर्षं कळलं नाही.

तुमचं पंचवटीतलं घरही आठवतं, म्हणजे खरं तर स्वयंपाकघरच. जंतूंचा प्रयोग शाळेत करायची सोय नव्हती, म्हणून तुम्ही आम्हां चौघींना घरी बोलावलंत आणि काचेच्या बाटल्या तुमच्या स्वतःच्या कुकरमध्ये घालून शिट्ट्या काढल्यात. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या. एकीवर न धुतलेलं बोट टेकवायचं, एकीवर साबणानं धुतलेलं, एक तशीच. मी दाराशी चपला काढून उंबऱ्यावर उभी राहिले होते. आमच्या वस्तीतल्या मुलीला शाळेतल्या मैत्रिणींच्या घरी कुठपर्यंत जायचं हे न सांगता ठाऊक असतं. तुम्ही वळून न बघताच म्हणालात, "तिथे काय उभी राहिलीस? कुकर तुझ्याकडे. वाफ जाईपर्यंत झाकण उघडायचं नाही." आणि मी आत आले. घरी जाऊन आईला सांगितलं तर तिनं तीनदा विचारलं, "कुकर तुझ्या हातात दिला?" बाबांनी काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी तुमच्यासाठी मेसमधल्या भट्टीतली नानकटाई बांधून दिली. ती तुम्ही सगळ्यांना एकेक वाटलीत आणि शेवटचा चुरा स्वतः खाल्लात.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात माझी नववीची परीक्षा संपली. तेव्हाच मुंबईहून ते पत्र आलं. एका मोठ्या संशोधन संस्थेत महिनाभराचं शिबिर, राज्यभरातून निवडलेली मुलं, राहणं तिथेच. आपल्या वर्गातून एकच नाव पाठवायचं होतं आणि तुम्ही माझं पाठवलं होतंत. पत्र सगळं इंग्रजीत. प्रत्येकानं पहिल्या दिवशी सगळ्यांपुढे पाच मिनिटं स्वतःविषयी बोलायचं, असं त्यात होतं. तुम्ही वर्गात ते वाचून दाखवलंत, तुमचा आवाज थोडा चढलेला, आणि मला त्या पाच मिनिटांपुढचं काही ऐकूच आलं नाही.

बाबांचा आनंद मात्र बघण्यासारखा होता. त्यांनी कॅम्पच्या बाजारातून पत्र्याची ट्रंक आणली, तिच्यावर पांढऱ्या रंगात माझं नाव घालून घेतलं. मेसमध्ये सगळ्यांना सांगितलं. विहारात सांगितलं. संध्याकाळी समोर बसायचे आणि म्हणायचे, "बोल. गुड मॉर्निंग सर, माय नेम इज. पुढे?" पुढे मला काही यायचं नाही. त्यांनाही येत नसे. त्यांचं इंग्रजी "येस सर", "सूप रेडी सर" एवढंच. ते हसायचे, "होईल, अजून तीन आठवडे आहेत." मी रोज थोडी थोडी आतून गोठत होते. त्या हॉलमध्ये मी उभी आहे, समोर शंभर मुलं बूट घालून बसली आहेत, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, एवढंच मला दिसायचं.

मग त्या रविवारी वर्ग सुटल्यावर मी तुमच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "बाई, बाबा नको म्हणतात."

ही थाप अशी सहज तोंडातून गेली की माझाच विश्वास बसेना. घरातून परवानगी नाही म्हटल्यावर मुलीला कुणी पुढे विचारत नाही, हे मी आजूबाजूला पाहून शिकले होते. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि "बरं" एवढंच म्हणालात. मला वाटलं, संपलं.

शनिवारी दुपारी तुम्ही आमच्या दारात. पदर घाम पुसून ओला झालेला, हातात ती मोठी कापडी पिशवी. बाबा नुकतेच ड्युटीवरून आले होते, बनियनवर बसून आईला लसूण सोलून देत होते. धडपडत उठले, सदरा घातला, शेजारून खुर्ची आणली. ट्रंक आतल्या खोलीत होती. मी दाराच्या चौकटीला धरून उभी, आणि माझ्या लक्षात आलं की आता दोन मिनिटांत सगळं उघडं पडणार.

तुम्ही बसला नाहीत. म्हणालात, "तुम्ही हिला मुंबईला पाठवत नाही असं ही सांगते."

बाबांनी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आईच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिलेली मला आठवते. मग बाबा खाली बघत म्हणाले, "हो बाई. पोरीची जात आहे. एवढ्या लांब नाय पाठवणार."

"महिनाभराचा तर प्रश्न आहे. मी स्वतः पोहोचवते, स्वतः आणते."

"नाय बाई."

"अहो, अशी संधी या मुलीला परत मिळायची नाही. माझ्या वर्गातली सगळ्यांत चांगली मुलगी आहे ही."

"ते खरं. पण नाय."

तेव्हा तुमचा तोल गेला. तुम्ही भिंतीकडे हात केलात. "शिका म्हणून सांगणाऱ्यांची तसबीर घरात लावायची आणि आपल्याच मुलीची वाट अडवायची? तुमच्यासारख्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती माझी. नानकटाई पाठवणं सोपं असतं."

बाई, माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले. मला शिकवायचं म्हणून ते गावाकडच्या भावकीशी भांडून कॅम्पात आले होते. वस्तीत कुणी मुलीला शाळेतून काढली की तिच्या बापाशी जाऊन वाद घालणारा हा माणूस. त्या माणसानं भिंतीकडे एकदा पाहिलं, तुम्हाला हात जोडले आणि म्हटलं, "चुकतच असेल माझं. चहा तरी घ्या." तुम्ही चहा न घेता गेलात. शेजारच्या तीन घरांच्या बायका दारात उभ्या होत्या.

तुम्ही गेल्यावर बाबा खुर्ची परत देऊन आले. मला समोर बसवलं.

"इंग्रजीचं भ्या वाटलं?"

मी मान हलवली.

"मग मला का नाय सांगितलं?"

"तुम्ही सगळ्यांना सांगून बसला होतात."

त्यांनी सदरा काढून खुंटीला टांगला. मग म्हणाले, "ते मी बघतो. भ्या वाटतं तर वाटतं, त्यात काय. पण बाईंना खोटं सांगितलंस. ते तू सांगायचं, तुझ्या तोंडानं. मी नाय सांगणार." सोमवारी मेसमध्ये त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. ट्रंकेत आईनं हिवाळ्याची पांघरुणं भरली.

माझ्या जागेवर दुसरी मुलगी गेली, गावातल्या औषध दुकानदाराची. फार हुशार होती, तिचं पुढे चांगलं झालं. मी दर रविवारी येत राहिले. तुम्ही माझ्याशी आधीपेक्षा मऊ वागायला लागलात, आणि मला ते काट्यासारखं बोचायचं, कारण ती दया बाबांच्या नावावर जमा झालेल्या रागातून येत होती. दहावी झाल्यावर तुम्ही मला तुमचं भिंग दिलंत, कातडी पाकिटातलं. म्हणालात, "घरच्यांनी मोठं दार बंद केलं तरी लहान खिडकी आपली असते." तेव्हा सांगायला हवं होतं. मी भिंग घेतलं आणि पाया पडले.

पुढचं तुम्हाला थोडं माहीत आहे. बी.एस्सी., मग प्रयोगशाळेचा डिप्लोमा, मग आरोग्य खात्यात नोकरी. मला नारूच्या पथकात टाकलं आणि सुरगाण्याला पाठवलं. आताच्या मुलांना नारू म्हणजे काय ते माहीतही नाही, आणि ते माहीत नसणं हेच आमचं यश. हातभर लांब, दोऱ्यासारखा कृमी पायातून बाहेर यायचा, भात लावणीच्या दिवसांत घरातला माणूस महिना-महिना आडवा. तो यायचा पिण्याच्या पाण्यातून, पाण्यातल्या त्याच एका डोळ्याच्या किड्याच्या पोटातून. ट्रेनिंगमध्ये साहेबांनी फळ्यावर सायक्लॉप्सचं, म्हणजे त्याच किड्याचं, चित्र काढलं तेव्हा मी इतक्या जोरानं "अरे!" म्हणाले की सगळे वळून बघायला लागले.

एका पाड्यावर पायऱ्यांची जुनी बारव होती. बायका पाण्यात उतरून घडे भरायच्या. तिच्यात औषध टाकून झालंय, आता काही नाही, असं रजिस्टरमध्ये आधीच लिहिलेलं होतं. आमचे सुपरवायझर जीपमध्येच बसून होते, अजून दोन पाडे करायचे होते आणि ऊन चढत होतं. मी काचेच्या बरणीत पाणी घेतलं, उजेडासमोर धरलं, तुमचं भिंग लावलं. पांढरे ठिपके झटके देत वर जात होते.

"निरंक लिहा मॅडम आणि चला," ते म्हणाले.

"साहेब, दिसतायत."

"दोन-चार राहिले असतील."

"असतील नाही. आहेत."

ते खाली उतरले, बरणीत बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे लिहिलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. वर उत्तरं मला द्यावी लागतील, तुम्हाला नाही." मी सव्वीस वर्षांचीसुद्धा नव्हते, नोकरी कायम झालेली नव्हती. अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं. पुढचे सहा महिने त्यांनी माझ्याशी कामापुरतंही धड बोलणं ठेवलं नाही. पण सगळं पहिल्यापासून झालं: पुन्हा औषध, पाणी फडक्यानं गाळायची शिकवण, पायऱ्या बुजवल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात हातपंप बसला.

त्या पाड्यावरची एक बाई आठवते, दोन्ही पायांना पट्ट्या. नारू देवीच्या कोपानं येतो, पाण्याला कशाला बोल लावता, असं तिचं म्हणणं. मी पथकाचा मायक्रोस्कोप तिच्या ओटीवर मांडला, आरसा उन्हाकडे वळवला आणि तिला बघायला सांगितलं. बराच वेळ ती डोळा लावून राहिली. मग दचकून मागे सरली.

"याला एकच डोळा हाय!"

बाई, मी काही सांगितलं नव्हतं तिला. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईनं पहिल्याच झटक्यात बरोबर पाहिलं. त्या दिवसापासून तिच्या घरचं पाणी गाळल्याशिवाय कुणी प्यायलं नाही, आणि शेजारणींवरही तिचीच नजर.

हे सांगायला मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही रिटायर झाला होतात, पायाला सूज होती, पण त्या बाईचं ऐकून इतक्या हसलात की डोळ्यांत पाणी आलं. "तुझ्यापेक्षा हुशार निघाली," म्हणालात. मग हसणं थांबलं आणि माझा हात हातात घेऊन म्हणालात, "तुझ्या वडिलांनी त्या वेळी अडवलं नसतं तर कुठच्या कुठे गेली असतीस." मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. तेवढ्यात तुम्ही कपबश्या घ्यायला उठलात, आणि मी मदतीला उठले. एवढंच झालं. घरी बाबांनी विचारलं, "सांगितलंस?" मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "बरं," आणि पेपर वाचायला लागले. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. बाबा मात्र तुमच्या घरी जाऊन तुमच्या भावाला भेटून आले. काय म्हणून ओळख दिलीत, असं मी विचारलं. "सांगितलं, बाईंच्या विद्यार्थिनीचा बाप," एवढंच ते म्हणाले.

तिसऱ्या वर्षी त्या पाड्यावर नारूचा एकही नवा रोगी निघाला नाही. या खेपेला मी निरंक लिहिलं आणि ते खरं होतं. त्या आठवड्यात बाबा हट्टानं माझ्याबरोबर सुरगाण्याला आले. जीपमध्ये पुढे बसून घाटभर ड्रायव्हरशी हिंदीत गप्पा मारत होते. पाड्यावर त्या बाईनं हातपंपाचं पाणी तांब्यात भरून त्यांना दिलं. पट्ट्या गेल्या होत्या, ती ताठ चालत होती. "तुमच्या पोरीनं वाचवलं आमाला," ती म्हणाली. बाबा पाणी प्यायले, मिशी पुसली, आणि म्हणाले, "तिच्या बाईंनी शिकवलेलं आहे हे. नाशिकला होत्या. लय कडक बाई." असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर तुमच्याविषयी जरासाही कडवटपणा नव्हता. उलट अभिमान होता, जणू तुम्ही त्यांच्याच नात्यातल्या. इतकी वर्षं मला वाटायचं की तुमचे ते शब्द बाबा छातीत घेऊन फिरतायत. त्या दुपारी मला दिसलं की ते त्यांनी केव्हाच खाली ठेवले होते. मीच तेवढी धरून बसले होते.

तर बाई, वाट बाबांनी अडवली नव्हती. ट्रंक आणून त्यांनी ती वाट उघडी केली होती, आणि नको मी म्हणाले होते. लिहून टाकलं. वाटलं होतं तितकं जड नव्हतं. खिडकीत बसून लिहिलं, मध्ये उठून भाजीला फोडणीसुद्धा घातली. पाकिटावर घालायला तुमचा पत्ता नाही. शेजारच्या मुलीला उद्या उरलेलं सांगेन, बाबांसकट.

एक मात्र तुम्ही समोर असतात तर मला म्हणवलं नसतं. इतकी वर्षं, कुणी त्या शिबिराचा विषय काढला की मी हळहळल्यासारखा चेहरा करते, कारण तुम्हाला तसं वाटत होतं आणि तुमचा मान राखायचा होता. खरं असं आहे की न गेल्याचं वाईट मला एक दिवसही वाटलेलं नाही.